रशियाचा मुक्तिदाता बादशहा: दुसरा अलेक्झांडर

महाभारताच्या वनपर्वांतील नलदमयंतीचें आख्यान आपल्या घरांतून प्रत्येक मुलाच्या कानांवर केव्हां ना केव्हां पडतेंच. हेंच आख्यान इ. स. १८४४ सालीं रशियन भाषेंत काव्यरूपानें प्रसिद्ध झालें, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. तें रचणारा कवि वासिली झुकॉव्स्की यानें मूळ संस्कृताचा नव्हे, तर र्‍यूकर्ट या जर्मन पंडिताच्या रूपांतराचा आधार घेतला होता. राज्य, द्यूत, वनवास आणि पुनः राज्य हा नलराजाचा फेरा त्याच्या मनांत कां भरला असावा, याचा तर्क करणें कठीण नाहीं. झुकॉव्स्की हा रशियाच्या युवराजाचा गुरु होता, आणि राजानें कसें असावें हा त्याच्या नित्याच्या चिंतनाचा विषय होता.

त्या युवराजाचें नांव अलेक्झांडर. पुढें दुसरा अलेक्झांडर या नांवानें तो सिंहासनावर बसला, दोन कोटींहून अधिक माणसांस त्यानें दास्यांतून सोडविलें, आणि अखेर स्वतःच्या राजधानींत, भर रस्त्यांत, बॉंबनें मारला गेला. ज्याला लोकांनीं मुक्तिदाता म्हटलें त्याच्या वांट्यास असा मृत्यु कां यावा, हा प्रश्न आम्हांस अनेक दिवस स्वस्थ बसूं देत नव्हता. त्याच्या चरित्राचा मागोवा घेतां जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अलेक्झांडरचा जन्म २९ एप्रिल १८१८ रोजीं मॉस्कोच्या क्रेमलिनमध्यें झाला. बाप पहिला निकोलस हा शिस्तीचा भोक्ता आणि कठोर स्वभावाचा. १८२५ च्या डिसेंबरांत तो गादीवर आला त्याच वेळीं कांहीं सरदारपुत्र लष्करी अधिकाऱ्यांनीं राज्यघटनेच्या मागणीसाठीं बंड केलें. पांच जण फांशीं गेले आणि शंभरांहून अधिक सैबेरियास धाडले गेले. सात वर्षांचा अलेक्झांडर तेव्हां राजवाड्यांत होता. बापाला वाटे, मुलानें उत्तम सैनिक व्हावें. गुरूला वाटे, त्यानें आधीं माणूस व्हावें. या दोन ओढींची खूण त्याच्या स्वभावावर जन्मभर राहिली.

१८३७ सालीं एकोणीस वर्षांच्या युवराजास गुरूसह देशपर्यटनास पाठविण्यांत आलें. सात महिने तो हिंडत होता. रशियाच्या कोणाही युवराजानें तोपर्यंत सैबेरियांत पाऊल ठेवलें नव्हतें. यानें तें ठेवलें. कुर्गान गांवीं प्रार्थनामंदिरांत त्यानें त्या जुन्या बंडांतील हद्दपार झालेले लोक पाहिले आणि त्यांच्यासाठीं बापास पत्र लिहिलें. बापानें शिक्षा किंचित् सौम्य केली, पण माफी दिली नाहीं. ती माफी एकोणीस वर्षांनीं, १८५६ मध्यें, स्वतःच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगीं अलेक्झांडरनेंच दिली. तरुणपणीं पाहिलेलें दुःख राज्य हातीं आल्यावरहि त्याच्या ध्यानांत राहिलें, हें त्याच्या पदरीं मोठेंच पुण्य होय.

मार्च १८५५ च्या आरंभीं निकोलस वारला तेव्हां क्रिमियाचें युद्ध चालू होतें. इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्या फौजांनीं सेव्हास्टोपोलला वेढा घातला होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तें शहर पडलें, आणि १८५६ मध्यें पॅरिसचा मानहानीचा तह करावा लागला. युरोपांतील सर्वांत मोठी फौज बाळगणारें राज्य आपल्याच भूमीवर कां हरलें? मॉस्कोच्या दक्षिणेस आगगाडीच नव्हती, त्यामुळें दारूगोळा बैलगाड्यांतून चिखल तुडवीत जाई. शिवाय फौज म्हणजे पंचवीस पंचवीस वर्षांसाठीं घरांतून ओढून आणलेल्या दासांचा समुदाय होता. ज्यास स्वतःचें घर नाहीं तो दुसऱ्याचें घर किती दिवस राखणार?

येथें त्या दास्याचें स्वरूप थोडें सांगितलें पाहिजे. खाजगी जमीनदारांच्या मालकीचे सुमारे २ कोटी ३० लक्ष स्त्रीपुरुष त्या वेळीं रशियांत होते. कांहींस आठवड्यांतून तीन तीन दिवस मालकाच्या शेतावर वेठ करावी लागे, तर कांहींस रोख खंड भरावा लागे. मालकाच्या परवानगीवांचून लग्न नाहीं, गांव सोडणें नाहीं. मालकास वाटल्यास दासाला विकावा, फटके मारावे, लष्करांत धाडावा किंवा सैबेरियास पाठवावा. जमीनदाराची श्रीमंती जमिनीवर मोजीत नसत. त्याच्या पदरीं पुरुष 'जीव' किती, यावर मोजीत. आणि नवल असें कीं हे मालकहि कर्जांत बुडालेले होते. १८५९ च्या सुमारास एकंदर दासांपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश दास सरकारी पेढ्यांकडे गहाण पडलेले होते. दास मालकाचे बांधलेले आणि मालक सावकाराचे, अशी ती सांखळी होती.

तह झाल्याबरोबर मॉस्कोच्या सरदारांपुढें बोलतांना नव्या बादशहानें स्पष्ट सांगितलें कीं हें दास्य खालून आपोआप मोडूं लागण्याची वाट पाहण्यापेक्षां तें वरून मोडणें बरें. सरदारवर्ग चपापला. पुढें पांच वर्षें समित्या बसत होत्या, मसुदे होत होते, आणि प्रत्येक पावलाला मोडता घालणारे दरबारांत बसलेलेच होते. बादशहाच्या बाजूस त्याचा धाकटा भाऊ कॉन्स्टंटाइन आणि विद्वान काकू हेलेना पाव्हलोव्ना हीं दोघें खंबीरपणें उभीं राहिलीं. कायद्याचें प्रत्यक्ष काम निकोलाय मिल्यूतिन या हुशार अधिकाऱ्यानें केलें. मसुदासमितीचा अध्यक्ष सेनापति रोस्तॉव्त्सेव्ह आरंभीं या विषयांत अगदीं कोरा होता. परंतु त्यानें त्या कामांत जीव ओतला आणि १८६० च्या आरंभीं तो त्याच श्रमांत मरण पावला. एकट्या राजाच्या इच्छेनें एवढा डोंगर हलला नसता, आणि राजाच्या इच्छेवांचूनहि तो हलला नसता.

३ मार्च १८६१ रोजीं, म्हणजे जुन्या रशियन पंचांगाच्या १९ फेब्रुवारीस, अलेक्झांडरनें मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्याची भाषा मॉस्कोचे धर्माध्यक्ष फिलारेत यांची होती. मात्र जाहीरनामा चर्चांतून वाचून दाखविण्यास १७ मार्चचा रविवार निवडला गेला. मोठ्या उपवासाचें पर्व सुरू होण्यापूर्वींचा तो शेवटचा दिवस. त्या दिवशीं लहानथोरांनीं परस्परांची क्षमा मागावी अशी तेथील रीत आहे. उपवास लागला म्हणजे दारू पिऊन दंगे होण्याची भीति कमी, हा सरकारचा हिशेब त्यांत होताच. परंतु शतकांच्या अपराधाची क्षमा मागण्यास याहून योग्य दिवस शोधूनहि सांपडला नसता.

आतां त्या मुक्तीचें दुसरें अंग पाहूं. शेतकऱ्याचा देह त्या क्षणापासून मोकळा झाला. त्याला विकणें, दान देणें बंद झालें. तो लग्न करूं शके, मालमत्ता घेऊं शके, कोर्टांत उभा राहूं शके. जमीन मात्र त्याला फुकट मिळाली नाहीं. तिची किंमत सरकारनें बहुतांशीं जमीनदारास एकदम द्यावी, आणि ती शेतकऱ्यानें दरसाल शेंकडा ६ प्रमाणें ४९ वर्षें फेडावी, असें ठरलें. ठरलेली किंमत पुष्कळ ठिकाणीं बाजारभावाहून अधिक होती. शिवाय पिढ्यान् पिढ्या जी जमीन शेतकरी कसत आले तिचे लचके तोडून जमीनदारांस ठेवूं दिले. काळ्या सुपीक मातीच्या प्रांतांत ते मोठे होते. कुरण, पाणवठा, जंगल हीं बहुधा मालकाकडेच राहिलीं. घरगडी म्हणून राबणाऱ्या लाखों माणसांस तर स्वातंत्र्य मिळालें, पण वीतभरहि भूमि मिळाली नाहीं. हप्त्यांची जबाबदारी साऱ्या गांवावर मिळून ठेवली, म्हणून गांवाच्या संमतीवांचून कोणास कायमचें बाहेर जातां येईना. मालक गेला, आणि त्याच्या जागीं हप्ता येऊन बसला.

शेतकऱ्यांचा विश्वासच बसेना. आपल्या बापानें, म्हणजे झारनें, असें अर्धवट स्वातंत्र्य दिलेंच नसेल. खरा कागद सरदारांनीं दडविला असेल, असें त्यांस वाटलें. कझान प्रांतांतील बेझ्द्ना गांवीं आंतोन पेत्रोव्ह या थोडेंफार वाचतां येणाऱ्या शेतकऱ्यानें त्याच जाहीरनाम्यांतून 'खरें' स्वातंत्र्य वाचून दाखविलें, तेव्हां हजारों लोक त्याच्या झोंपडीभोंवतीं गोळा झाले. एप्रिल १८६१ मध्यें तेथें सैन्यानें गोळ्या झाडल्या. पन्नासाहून अधिक माणसें पडलीं, आणि पेत्रोव्हलाहि गोळी घालण्यांत आली. मुक्तीच्या जाहीरनाम्यास दोन महिनेहि झाले नव्हते.

आमच्या मतें अलेक्झांडरच्या आयुष्यांतील सारें दुःख या एका गोष्टींत सांठलेलें आहे. मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस तें समजावून सांगण्याची गरज नाहीं. घरांतील कर्ता पुरुष एके दिवशीं धाकट्यांस म्हणतो, "आजपासून तुम्ही मोकळे आहां"; परंतु किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढीत नाहीं आणि जुन्या कर्जाचें ओझें तेवढें त्यांच्या खांद्यावर देतो. त्याचा हेतु वाईट असतो असें नव्हे. घर मोडेल, ही भीति त्याला खरोखरच वाटत असते. पण ज्यांना दार उघडून दाखविलें, त्यांना उंबऱ्यावरच थांबा म्हणणें हें बंद दारापेक्षां अधिक जाचक होतें.

तथापि या बादशहाचें काम तेथेंच संपलें नाहीं. १८६३ मध्यें विद्यापीठांस बरेंच स्वातंत्र्य मिळालें आणि सैन्यांतील व न्यायांतील क्रूर शारीरिक शिक्षा पुष्कळ कमी झाल्या. १८६४ मध्यें दोन मोठे कायदे झाले. एकानें उघड्या न्यायालयांत, ज्यूरीसमोर, वकिलांमार्फत खटले चालूं लागले आणि न्यायाधीशांस मन मानेल तेव्हां काढतां येईना. दुसऱ्यानें जिल्ह्यांत व प्रांतांत निवडलेल्या मंडळ्या स्थापन झाल्या; त्यांस झेम्स्त्वो म्हणत. शाळा, दवाखाने, रस्ते, पूल हीं कामें त्यांच्याकडे आलीं. मुलींच्या माध्यमिक शाळा १८५८ पासूनच निघूं लागल्या होत्या, आणि १८७८ मध्यें राजधानींत स्त्रियांसाठीं उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. १८७४ च्या कायद्यानें सक्तीची लष्करी नोकरी सरदारापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांस सारखी झाली. मुदत सहा वर्षें ठरली. परंतु शिक्षण जितकें अधिक तितकी ती कमी, इतकी कीं विद्यापीठाच्या पदवीधरास सहाच महिने. घरांत एकुलता एक मुलगा किंवा एकटा कमावता असेल त्यास सूट होती. घरोघरच्या आयांनीं या कलमासाठीं त्याला किती दुवा दिला असेल! १८५५ मध्यें आगगाडीचे रूळ सुमारे हजार किलोमीटर होते, ते त्याच्या मृत्यूच्या वेळीं वीस हजारांच्या वर गेले.

या उजेडास छायाहि गडद होत्या, आणि त्या झांकून ठेवणें इतिहासाशीं प्रतारणा होईल. १८६३ चा पोलंडचा उठाव त्यानें निर्दयपणें चिरडला. युक्रेनियन भाषेंत पुस्तकें छापण्यावर १८६३ मध्यें आणि पुनः १८७६ मध्यें त्याच्या सरकारनें बंधनें घातलीं. शेतकऱ्याचा देह सोडविणाऱ्यानें एका सबंध लोकसमाजाची जीभ बांधावी हें केवढें वैचित्र्य! कॉकेशसमधील लाखों चर्केस लोकांस १८६४ च्या सुमारास घरेंदारें सोडून तुर्की मुलुखांत जावें लागलें. ताश्कंद १८६५ मध्यें, समरकंद १८६८ मध्यें, खिवा १८७३ मध्यें असें एकेक ठाणें घेत रशियन फौजा मध्य आशियांत उतरल्या. त्याची झळ आपल्या लोकांसहि लागली. १८७८ मध्यें रशियन वकील काबुलास पोहोंचला, या निमित्तानें हिंदुस्थान सरकारनें अफगाणिस्तानावर स्वारी केली, आणि १८८० च्या जुलैंत मैवंदच्या रणांगणावर मुंबई लष्कराच्या पलटणींतील शिपाई मोठ्या संख्येनें पडले. दूरच्या दोन बादशाह्यांच्या संशयाची किंमत अशा रीतीनें येथल्या घरांनीं दिली.

उलट फिनलंडांत त्यानें १८६३ मध्यें तेथील विधिसभा पुनः बोलाविली आणि फिन् भाषेस सरकारी कामांत मान देण्याचें फर्मान काढलें. १८७७-७८ च्या तुर्कांशीं झालेल्या युद्धानें बल्गेरियाच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला. हेलसिंकीच्या मुख्य चौकांत १८९४ मध्यें उभारलेला आणि सोफिया येथें १९०७ मध्यें उभारलेला, असे त्याचे दोन पुतळे आजहि उभे आहेत.

त्याच्या संसाराविषयींहि दोन शब्द लिहिणें भाग आहे. १८४१ मध्यें हेसच्या राजकन्येशीं त्याचा विवाह झाला. आठ मुलें झालीं. १८६५ मध्यें थोरला मुलगा निकोलस ऐन तारुण्यांत गेला, तो घाव मातापितरांस भरून काढतां आला नाहीं. पुढें वयानें जवळजवळ तीस वर्षांनीं लहान असलेल्या कॅथेरीन दोल्गोरूकॉव्हा हिच्याशीं बादशहाचा संबंध जडला आणि तिलाहि त्याच्यापासून मुलें झालीं. आजारी राणी ज्या राजवाड्यांत झिजत होती त्याच राजवाड्यांत तीं राहूं लागलीं. १८८० मध्यें राणी वारली, आणि दीड महिन्यांतच त्यानें दुसरा विवाह केला. युवराज मनांतून बापापासून दुरावला. प्रजेस स्वातंत्र्य देणाऱ्याच्या घरांत मात्र मनें अशीं कोंडलेलीं होतीं.

सुधारणांनीं जागी झालेली तरुण पिढी अधिक मागूं लागली. १८६६ मध्यें काराकोझॉव्ह या विद्यार्थ्यानें बादशहावर गोळी झाडली; ती चुकली, पण त्या दिवसापासून राजाचा हात आंखडला. १८७४ च्या उन्हाळ्यांत शेंकडों तरुण-तरुणी शेतकऱ्यांत जाऊन राहिल्या. सरकारनें त्यांस तुरुंगांत घातलें. १८७८ मध्यें वेरा झासुलिच हिनें राजधानीच्या एका उच्च अधिकाऱ्यावर गोळी झाडली. गुन्हा तिला कबूल होता. तरी अलेक्झांडरनेंच दिलेल्या ज्यूरीनें तिला निर्दोष सोडलें. पुढें 'लोकेच्छा' नांवाच्या गुप्त मंडळीनें बादशहास मृत्यूची शिक्षा ठरविली. त्याच्या आगगाडीखालीं सुरुंग लावले. १८८० च्या फेब्रुवारींत खुद्द हिवाळी राजवाड्यांत स्फोट होऊन अकरा माणसें मेलीं. बादशहा त्या दिवशीं जेवणास उशीरा निघाला म्हणून वांचला.

तेव्हां त्यानें लोरिस-मेलिकॉव्ह या शहाण्या सेनापतीस मंत्री केलें. त्याची सूचना अशी कीं कायद्यांच्या विचारासाठीं लोकांनीं निवडलेले कांहीं प्रतिनिधि बोलवावे. ही राज्यघटना नव्हती. पण त्या दिशेचें पहिलें पाऊल होतें. १३ मार्च १८८१ रोजीं रविवारीं सकाळीं अलेक्झांडरनें त्या योजनेस मान्यता दिली आणि तो कवायत पाहण्यास गेला. परततांना कालव्याच्या कांठीं रिसाकॉव्हनें पहिला बॉंब टाकला. गाडी भक्कम होती; बादशहास इजा झाली नाहीं. सारथी गाडी पुढें हांकण्याची विनवणी करीत होता, पण तो जखमी लोकांची विचारपूस करण्यास खालीं उतरला. इतक्यांत ग्रिनेव्हित्स्की यानें दुसरा बॉंब त्याच्या पायांशीं फेंकला. दोन्ही पाय चिरडलेल्या स्थितींत त्यास राजवाड्यांत आणलें, आणि दुपारीं साडेतीनच्या सुमारास त्याचा प्राण गेला. बारा वर्षांचा नातू, पुढचा झार दुसरा निकोलस, तेथें उभा होता. कटांतील पांच जण फांशीं गेले. त्यांत सोफिया पेरॉव्हस्काया ही एका माजी गव्हर्नराची मुलगी होती, आणि किबाल्चिच हा मरणाच्या छायेंतहि तुरुंगांत बसून आकाशयानाची आकृति काढीत होता. असे तरुण ज्या देशांत बॉंबकडे वळतात, त्या देशाचें काय चुकत होतें याचा विचार कोणींहि करावा.

त्या बॉंबनें स्वातंत्र्य जवळ आणलें काय? मुळींच नाहीं. नव्या झारनें दोन महिन्यांतच अनियंत्रित सत्तेचा जाहीरनामा काढला आणि ती योजना बासनांत गेली. १८८७ मध्यें त्याच्यावरील कटासाठीं जे फांशीं गेले त्यांत लेनिनचा थोरला भाऊ होता. रशियन क्रांतिकारकांचा मार्ग पुढें दूरवर पोहोंचला. आपले सेनापति बापट पॅरिसमध्यें बॉंब करण्याची विद्या शिकले तीहि एका रशियनाकडूनच. इकडे शेतकऱ्यांचे हप्ते चालूच राहिले. १९०५ चें बंड झालें तेव्हां कुठें ते माफ करण्याचें ठरलें आणि १९०७ च्या आरंभापासून ते थांबले. आजानें मिळविलेल्या मोकळिकीचें कर्ज नातवानें फेडलें! दहाच वर्षांनीं, १९१७ मध्यें, सिंहासनच कोसळलें.

तरी या राजाचें काम व्यर्थ गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. चेखव्ह या विख्यात लेखकाचा आजा दास होता. त्यानें पैसे भरून स्वतःस सोडवून घेतलें. त्याचा नातू डॉक्टर झाला, आणि १८९२ च्या पटकीच्या सांथींत त्यानें झेम्स्त्वोसाठीं गांवोगांव हिंडून रोग्यांची शुश्रूषा केली. दासाच्या नातवानें स्वतंत्र गांवाचा वैद्य व्हावें, हें अलेक्झांडरच्या राज्याचें खरें फळ होय. त्याच चेखव्हच्या १९०४ मधील 'चेरीची बाग' या नाटकांत मात्र एक म्हातारा नोकर आहे. मुक्तीचा दिवस म्हणजे त्याच्या मतें संकट. मालकाचें घर सोडून तो गेला नाहीं, आणि शेवटीं बंद घरांत विसरून मागें राहतो. हीं दोन्ही माणसें खरीं आहेत.

झुकॉव्स्कीच्या शिष्याजवळ दया होती आणि पाऊल उचलण्याचें धैर्यहि होतें. तें पाऊल पुरतें टेंकण्याचें धैर्य त्याला फार उशीरा आलें. आलें त्याच दिवशीं मृत्यु आला. ज्यांच्या हातीं दुसऱ्याची मोकळीक आहे, मग तें राज्य असो कीं चार खोल्यांचें घर असो, त्यांनीं या चरित्रापासून एवढें तरी ध्यानांत ठेवावें: द्यावयाचें तें वेळेवर द्यावें, आणि देतांना त्याचा हप्ता पुढच्या पिढीच्या नांवें लिहूं नये.